संशयाचा फायदा: ख्रिस्ती माणसाने कोणाला द्यावा, किती द्यावा, कुठे थांबावं?

प्रवरातीर (धागाकर्ता)

सर्वांना सलाम.

'संशयाचा फायदा' हे शब्द आपण बहुतेक कोर्टाच्या बातम्यांत वाचतो. पुरावा अपुरा पडला की आरोपी सुटतो. मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) मात्र गोष्ट कोर्टापर्यंत जातच नाही, निवाडा आधीच होऊन बसलेला असतो. खजिनदारांनी मार्चअखेरचा हिशेब मे महिना आला तरी वाचून दाखवला नाही. पाळकसाहेब आजाऱ्याच्या घरी गेले नाहीत. एखाद्या बाई तीन रविवार उपासनेला दिसल्या नाहीत, की चौथ्या रविवारी "त्या आता दुसरीकडे जातात" हे ठरलेलं असतं.

'चांगलंच धरून चला' हे सगळ्यांना मान्य आहे. प्रश्न ते करायचं कसं, हा आहे. पायऱ्या कोणत्या? कुठे चुकतं? आणि कुठल्या बाबतीत असा फायदा देणंच चूक ठरतं? नुसती वचनं देऊन थांबू नका, कृपया रीत सांगा.

---

निर्मळकाठ

रीत आहे, आणि ती जवळजवळ पाचशे वर्षं जुनी आहे. येशूसंघाचे (जेझुइटांचे) संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात २२ क्रमांकाचा एक छोटा परिच्छेद आहे. पुस्तकाला पोप तिसरे पॉल यांची मान्यता १५४८ साली मिळाली. त्या परिच्छेदात चार पायऱ्या आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. शेजाऱ्याचं बोलणं दोषी ठरवण्याआधी त्याचा चांगला अर्थ लावायला तयार असावं. तसा अर्थ लागतच नसेल तर 'तुम्हाला काय म्हणायचं होतं?' असं त्यालाच विचारावं. त्याचं म्हणणं खरोखर चुकीचं निघालं तर प्रेमाने सुधारावं. तेवढ्याने भागलं नाही तर त्याला योग्य समजुतीवर आणायला जे जे उचित उपाय असतील ते करावेत.

बहुतेकांचं दुसऱ्या पायरीवर अडतं. पहिली पायरी मनातल्या मनात उरकते, मग थेट चौथी सुरू होते, तीही त्या माणसाच्या पाठीमागे. विचारायचं राहूनच जातं.

हे लिहिणारा माणूस स्वतः संशयाखाली तुरुंगात बसलेला होता हे लक्षात ठेवा. स्पेनमधल्या आल्कला इथे ४२ दिवस आणि सालामांका इथे २२ दिवस. दोन्हीकडे त्याच्या शिकवणीत दोष सापडला नाही. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात परिच्छेद २४७८ मध्ये इग्नेशियस यांचा हाच उतारा दिला आहे.

मिश्र धागा आहे म्हणून एक खुलासा. 'खोटी साक्ष देऊ नको' ही आज्ञा कॅथलिक आणि लुथरन मोजणीत आठवी येते, बाकीच्या बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत नववी. आज्ञा एकच आहे. प्रोटेस्टंट सुधारणेचे प्रणेते मार्टिन लुथर यांच्या १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरावलीत या आज्ञेचा अर्थ सांगताना शेवटी हेच येतं, की शेजाऱ्याबद्दल चांगलं बोलावं आणि त्याच्या सगळ्याचा भल्यात भला अर्थ लावावा. या मुद्द्यावर तरी आपल्यात भांडण नाही.

---

जुना_करार

विचारण्याच्या पायरीबद्दल शास्त्रात याहून जुने आणि ठसठशीत उदाहरण आहे: यहोशवा, अध्याय २२. रऊबेनी, गादी आणि मनश्शेचा अर्धा वंश यांनी यार्देनेजवळ एक मोठी वेदी बांधली. बाकीच्या इस्राएलाने ऐकले आणि सगळे शिलो येथे लढाईसाठी जमले. कारण उघड होते, दुसरी वेदी म्हणजे दुसरी उपासना. पण तलवार उपसण्याआधी त्यांनी फीनहास याजक आणि त्याच्याबरोबर दहा सरदार पाठवले.

तिथे त्यांची भाषा सौम्य नव्हती. 'हा विश्वासघात काय?' अशीच सुरुवात झाली. तरीही ते गेले, समोरासमोर बोलले. आणि १९ व्या वचनात एक गोष्ट आहे जी वाचताना निसटते. तुमचा देश तुम्हाला अशुद्ध वाटत असेल तर इकडे या आणि आमच्यात वतन घ्या, असे ते म्हणतात. म्हणजे आरोप करतानाच स्वतःच्या जमिनीतला वाटा देऊ केला. उत्तर आले तेव्हा कळले की ही वेदी होमार्पणासाठी नव्हतीच. पुढे तुमची मुले आमच्या मुलांना 'तुमचा परमेश्वराशी काय संबंध?' असे म्हणतील या भीतीने साक्षीसाठी उभारलेली होती. युद्ध टळले.

याच्या उलट उदाहरण दाविदाचे आहे, २ शमुवेल १६. दावीद राजा तेव्हा मुलाच्या बंडामुळे राजधानी सोडून पळत होता. सीबा दोन गाढवांवर दोनशे भाकरी, शंभर घड मनुका, उन्हाळी फळे आणि द्राक्षारसाचा बुधला घेऊन आला आणि मालक मफीबोशेथाचे कान भरून गेला. दाविदाने दुसरी बाजू न ऐकता मफीबोशेथाची सगळी मिळकत सीबाला देऊन टाकली. अध्याय १९ मध्ये मफीबोशेथ समोर येतो. राजा निघून गेला त्या दिवसापासून त्याने दाढी नीट केलेली नाही, कपडे धुतलेले नाहीत. दावीद तेव्हा काय करतो? जमीन दोघांत वाटून घ्या म्हणतो. एकदा देऊन टाकलेला निकाल पुरता मागे घेता आला नाही. नीतिसूत्रे १८:१७ हेच सांगते: आधी बोलणारा खरा वाटतो, दुसरा येऊन त्याची उलटतपासणी करीपर्यंत.

---

ओसरी

एली याजकाचं उदाहरण पण घ्या ना, १ शमुवेल १. हन्ना ही मूल नसलेली बाई मनातल्या मनात प्रार्थना करत होती. हन्नाचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता, हे एलीने बरोबर पाहिलं. 'ही प्यालेली आहे' हे त्याने त्यावर चढवलं. संशय बहुतेक वेळा असाच चालतो, डोळे खोटं सांगत नाहीत पण मन पुढचं वाक्य स्वतःच जोडतं.

म्हणून सोपी कृती सांगते. कागदाला मधोमध रेघ मारा. डावीकडे फक्त तेवढंच लिहा जे फोटोत दिसलं असतं किंवा ध्वनिमुद्रणात ऐकू आलं असतं. उजवीकडे त्यावरून तुम्ही काढलेला अर्थ. 'हिशेब वाचला नाही' डावीकडे. 'लपवतायत' उजवीकडे. 'तीन रविवार दिसल्या नाहीत' डावीकडे, 'दुसरीकडे जातात' उजवीकडे. मग उजव्या बाजूला त्याच घटनेची आणखी किमान तीन कारणं लिहा: लेखापरीक्षक अडकलाय, बँकेचा उतारा आला नाही, घरात आजारपण आहे. तिन्ही खरी मानायची गरज नाही. आपला पहिला अर्थ हा एकमेव नव्हता हे दिसलं की पुरे.

आणि एलीचं श्रेय एलीला द्या. हन्नाने 'मी दुःखी मनाची स्त्री आहे' म्हटल्यावर तो आपलं म्हणणं धरून बसला नाही. त्याच जागी 'शांतीने जा' म्हणाला.

---

हिशेबनीस

धागाकर्त्याच्या पहिल्या उदाहरणाबद्दल. पैशाच्या बाबतीत चांगला अर्थ लावणं आणि व्यवस्था चोख ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही लागतात. २ करिंथ ८:२०-२१ वाचा. यरुशलेमच्या गरिबांसाठी दान नेताना प्रेषित पौल एकटा जात नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतो आणि कारण उघड सांगतो: या मोठ्या रकमेवरून कोणी आमच्यावर दोष लावू नये म्हणून. पौलावर कोणाचा संशय होता म्हणून नाही. संशयाला जागाच राहू नये म्हणून.

मंडळीत हे असं बसवा. दान मोजायला नेहमी दोघं, आणि ते एकमेकांच्या नात्यातले नकोत. मोजणी त्याच दिवशी, उपासना संपल्यावर, घरी नेऊन नाही. ५००, २००, १०० च्या नोटा किती, नाणी किती, असं चिठ्ठीवर लिहून दोघांच्या सह्या. चिठ्ठीची एक प्रत खजिनदाराकडे, एक सचिवाकडे. पैसे बँकेच्या पुढच्या कामाच्या दिवशी भरायचे आणि भरणा पावती त्या चिठ्ठीला टाचायची. पावती पुस्तकांना क्रमांक हवेत, रद्द पावती फाडून टाकायची नाही, 'रद्द' लिहून तिथेच ठेवायची. ज्या मंडळ्यांचा विश्वस्त निधी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेला आहे, त्यांना दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्यावंच लागतं.

यात चुकतं कुठे, तर "आमचा भाऊंवर पूर्ण विश्वास आहे, सह्या कशाला" इथे. ऐकायला ही प्रीती वाटते. पण पुढे कधी दोन हजारांचा फरक आला की त्या भाऊंकडे स्वतःला निर्दोष दाखवायला एक कागदही नसतो. व्यवस्था नसेल तर प्रामाणिक खजिनदारच सगळ्यात उघडा पडतो.

हिशेब उशिरा आला असेल तर एकट्याने जा, फोन केला तरी चालेल, मंडळीच्या व्हॉट्सअॅप गटावर लिहू नका. "हिशेब का नाही वाचला?" ऐवजी "हिशेब कुठे अडकलाय, माझी काही मदत होईल का?" असं विचारा. उत्तर मिळालं की तारीख घ्या. तारीख टळली तर आणखी एक तारीख घ्या, तीही टळली तर मत्तय १८:१६ प्रमाणे एक-दोघांना बरोबर न्या. त्यानंतर पंच कमिटीकडे लेखी. फायदा देणं म्हणजे तारीख न मागणं नव्हे.

---

दिवाबत्ती

वरचं सगळं पटतं, तरी एक गोष्ट कोणीतरी बोलायलाच हवी. 'चांगला अर्थ लावा' हे वाक्य मंडळ्यांमध्ये फार वेळा वरच्या माणसाच्या ढालीसाठी वापरलं जातं. पद असलेल्याला, वयाने मोठ्याला, देणगीदाराला संशयाचा फायदा भरभरून मिळतो. विधवेला, शाळेतल्या मुलीला, घरकामाला येणाऱ्या बाईला मिळत नाही. तक्रार आली की पहिला प्रश्न "हिला कोणी शिकवलं?" हा असतो. हासुद्धा उतावळा निवाडाच आहे. तक्रार करणाऱ्याच्या हेतूचा वाईट अर्थ लावला, तोही पुराव्याशिवाय. सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाची जागा आणि मळक्या कपड्यांतल्याला हलकी, असं करू नका हे याकोब २ चं सांगणं इथेही लागू आहे.

आणि १ तीमथ्य ५:१९, 'दोन किंवा तीन साक्षीदार असल्यावाचून वडिलांवरील आरोप ऐकू नका', हे वचन (इथे वडील म्हणजे मंडळीचे पुढारी) ढालीसारखं पुढे केलं जातं. पुढचंच वचन पाप करणाऱ्याला सर्वांसमक्ष दोष द्यायला सांगतं, ते कोणी वाचत नाही. बंद दाराआड घडणाऱ्या गोष्टीला दोन साक्षीदार कुठून आणायचे?

---

जुना_करार

दिवाबत्ती यांचा मुद्दा शास्त्राला धरूनच आहे. मोशेच्या नियमशास्त्रातल्या 'अनुवाद' या पुस्तकात २२:२५-२७ पाहा. वाङ्निश्चय झालेल्या मुलीवर रानात बळजबरी झाली, साक्षीदार कोणी नाही. नियम काय म्हणतो? मुलीकडे काही दोष नाही. ती ओरडली असेल, पण तिला सोडवायला कोणी नव्हते. साक्षीदार नसताना नियमशास्त्र स्वतः तिच्या बाजूने चांगला अर्थ लावते. संशयाचा फायदा दुबळ्याला आधी, ही गोष्ट मोशेच्या नियमात लिहिलेली आहे.

---

निर्मळकाठ

याच गाठीवर संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात बोट ठेवलं आहे, 'सुम्मा' या त्यांच्या धर्मशास्त्राच्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धात, प्रश्न ६० मध्ये. तिथली दोन उत्तरं शेजारी ठेवून वाचावीत.

एकात ते म्हणतात, संशय असेल तर माणसाबद्दल चांगलाच अर्थ लावावा. कोणी विचारेल, मग आपण वारंवार फसू. त्यांचं उत्तर असं, की वाईट माणसाला चांगलं मानून पुष्कळदा फसलेलं परवडलं, पण चांगल्या माणसाला वाईट मानून क्वचित चुकलेलंही वाईट, कारण दुसऱ्या बाबतीत कोणावर तरी अन्याय होतो.

दुसऱ्यात ते एक भेद करतात, आणि या धाग्याचं उत्तर मला तिथे दिसतं. निवाडा करणं वेगळं आणि उपाय करणं वेगळं. उपाय करताना वाईटात वाईट गृहीत धरलेलं योग्य, कारण मोठ्या अपायावर लागू पडणारा उपाय लहान अपायावर लागू पडतोच. म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षण वर्गात कोणीही मोठा माणूस एकट्या मुलासोबत बंद खोलीत बसणार नाही हा नियम सगळ्यांना लावायचा, फादरना, सिस्टरना, शिक्षकांना. त्यात कोणा एकाच्या चारित्र्यावर शेरा नाही. दाराला कडी घालणारा माणूस शेजाऱ्याला चोर म्हणत नसतो.

माणसाबद्दल मनात निवाडा करताना फायदा द्या, लहानग्यांच्या रक्षणाची व्यवस्था करताना कोणालाच सूट देऊ नका.

त्याच प्रश्नात ते संशयाची तीन मुळंही देतात: स्वतःच्या मनात खोट असणं, त्या माणसाबद्दल आधीच आकस असणं, आणि लांबलचक अनुभव. तिसरं मूळ मला फार खरं वाटतं. तीस वर्षं कमिटीवर काढलेल्या माणसाला सगळीकडे जुनंच प्रकरण दिसू लागतं. त्याचा अनुभव माहिती म्हणून घ्यावा, निकाल म्हणून घेऊ नये.

---

दिवाबत्ती

निर्मळकाठ, हा भेद फार कामाचा आहे. त्याला कायद्याची जोड देते, कारण इथे घोळ झाला तर नुकसान मुलाचं होतं.

अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होण्याची भीती वाटली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेचा प्रमुख असून हाताखालच्या माणसाबद्दल लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

अशा वेळी मत्तय १८ च्या पायऱ्या (आधी एकट्याने, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे) लावू नका. आरोपीला एकट्याने भेटून 'तुम्हाला काय म्हणायचंय' विचारू नका, त्याने पुरावा नाहीसा होतो आणि मुलावर दबाव येतो. मुलाला पुन्हा पुन्हा सगळं सांगायला लावू नका. जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. पोलिसांना कळवणं म्हणजे शिक्षा सुनावणं नाही. तपास करणाऱ्यांनी तपास करावा, न्यायालयाने निकाल द्यावा. तोवर मंडळीने आरोपीला मुलांपासून दूर ठेवावं आणि गुन्हेगारही म्हणू नये.

---

प्रवरातीर

इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन प्रश्न राहिले. एक, 'प्रीती सर्व काही खरे मानण्यास सिद्ध असते' (१ करिंथ १३:७) याचा अर्थ भोळेपणा असा घ्यायचा का? दोन, आधीच बोलून बसलो असू आणि नंतर कळलं की चुकलो, तर काय करायचं?

---

जुना_करार

पहिल्याबद्दल. त्याच्या दोनच वचने आधी, पाचव्या वचनात, आपल्या भाषांतरात 'अपकार स्मरत नाही' आहे. तिथले मूळ ग्रीक क्रियापद 'लोगिझोमाय' हे हिशेबाचे आहे, वहीत खात्यावर मांडणे. प्रीती वाइटाची वही ठेवत नाही. पौल हेच क्रियापद २ करिंथ ५:१९ मध्ये देवासाठी वापरतो: देवाने लोकांचे अपराध त्यांच्या खात्यावर मोजले नाहीत. आपल्याला मिळालेली सूट आपण पुढे द्यायची, असे ते नाते आहे.

भोळेपणा मात्र नव्हे. सहावे वचन म्हणते, प्रीती सत्यासंबंधी आनंद मानते. योहान २:२४ मध्ये येशू लोकांवर स्वतःचा भरवसा टाकत नाही. आणि शौल (म्हणजेच पौल) यरुशलेमेत आला तेव्हा शिष्यांना भीती वाटली (प्रेषित ९:२६-२७), ती खुळी नव्हती, त्याने खरोखर छळ केला होता. बर्णबाने त्याला जवळ घेऊन प्रेषितांकडे आणले आणि तीन गोष्टी सांगितल्या: वाटेत त्याला प्रभू कसा दिसला, प्रभू त्याच्याशी बोलला, आणि दिमिष्कात तो येशूच्या नावाने धैर्याने कसा बोलला. 'माझा विश्वास आहे, तुम्हीही ठेवा' एवढेच म्हणून तो थांबला नाही.

---

ओसरी

दुसऱ्या प्रश्नावर. कॅथलिक शिकवणीत तीन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत (वर आलेल्या धर्मशिक्षण ग्रंथाचा परिच्छेद २४७७): पुरेशा आधाराशिवाय मनातच दोष खरा मानणं, योग्य कारणाशिवाय खरा दोष तो माहीत नसलेल्यांना सांगणं, आणि खोटं बोलून बदनामी करणं. दुसरी पाहून पुष्कळ जण चमकतात. "पण ते खरंच आहे ना!" खरं असलं तरी सांगायला कारण हवं.

आपल्याकडे दुसरीचं सगळ्यात नेहमीचं रूप म्हणजे प्रार्थनेची विनंती. "अमक्यांच्या घरासाठी प्रार्थना करा, मुलगा फार वाईट मार्गाला लागलाय." प्रार्थना नावाशिवायही होते. 'एका कुटुंबासाठी' एवढं देवाला पुरतं. ज्यांचं नाव घ्यायचं त्यांची आधी परवानगी घ्या.

भरपाईचा नियम साधा आहे: जिथे पसरवलं तिथेच, तितक्याच जणांसमोर दुरुस्त करायचं. गटावर लिहिलं असेल तर गटावरच. संदेश नुसता पुसून चालत नाही, वाचणाऱ्यांनी तो वाचलेला असतो. शब्द मोजके ठेवा: "मी १२ तारखेला अमुक लिहिलं होतं. ते चुकीचं होतं. मी विचारून खात्री केली नव्हती. ज्यांनी ते पुढे पाठवलं त्यांनी हेही पाठवावं." 'गैरसमज झाला असल्यास क्षमस्व' हे लिहू नका, त्यात चूक वाचणाऱ्याच्या गळ्यात पडते. आणि ज्यांच्याबद्दल बोललात त्यांना आधी भेटा, मग गटावर लिहा. नाहीतर त्यांना स्वतःची बदनामी माफीतूनच पहिल्यांदा कळते.

---

हिशेबनीस

आणि व्हॉट्सअॅपवरच्या निळ्या टिकांच्या खुणांवरून काही ठरवू नका. संदेश उघडला एवढंच त्यातून कळतं. गंभीर गोष्ट असेल तर लिहायचंच नाही, फोन करायचा.

---

प्रवरातीर

मग त्या तीन रविवार न दिसलेल्या बाईंच्या दारात गेल्यावर पहिलं वाक्य काय असावं?

---

ओसरी

"बाई, तुम्ही दिसला नाहीत म्हणून आले. बऱ्या आहात ना?" आणि मग गप्प बसायचं, त्या बोलेपर्यंत. 'लोक काय काय म्हणतायत' हे सांगायचं नाही. 'कुठे जाता हल्ली' हेही नाही. दोघींनी जा, त्यातली एक त्यांच्या ओळखीतली असू दे. स्वयंपाकाच्या वेळी जाऊ नका. त्या खरंच दुसऱ्या मंडळीत जात असतील आणि तसं म्हणाल्या, तर "तिथे बरं वाटतं ना?" म्हणा, चहा घ्या, प्रार्थना करू का असं विचारा, नको म्हणाल्या तर करू नका. आणि परत आल्यावर कोणी विचारलं तर सांगायचं, "भेटले, बऱ्या आहेत."